सात नंबरच्या बसची हरवलेली फाइल

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता संस्थेची पांढरी गाडी आली, बाबा मागच्या सीटवर बसले आणि गेले.

आता हे वाक्य विसरून जा. असं काही झालेलंच नाही. गुरुवार आहे, दुपारचे चार वाजायला पाच मिनिटं आहेत, बाबा घरातच आहेत आणि बारातेरा कॉम्प्युटरपुढे हात मांडीवर ठेवून बसलाय.

बारातेरा हा बसच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक. आईबापांनी त्याचं नाव चांगलं ठेवलं होतं, पण बारा-तेराचा पाना कायम वरच्या खिशात घेऊन फिरायची सवय असल्यामुळे वर्कशॉपनं ते बदललं. ज्या भाषेत माणसाचे बारा वाजतात आणि कामाचे तीनतेरा, त्या भाषेत असं नाव घेऊन जगणाऱ्यानं आयुष्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत, आणि तो ठेवतही नसे. त्याची अपेक्षा एकच होती. समोरचा गेम चालू व्हावा.

गेम चालू होत नव्हता. पडद्यावर एक लहानशी चौकट आली होती. तिचं म्हणणं असं की हा प्रोग्राम सुरू होऊ शकत नाही, कारण या कॉम्प्युटरमध्ये एमएसव्हीसीपी-शंभर डीएलएल नावाची फाइल सापडत नाही. खाली एकच बटण होतं: ओके. ‘का?’ असं बटण नव्हतं. ‘अहो, पण काल तर होती’ असंही नव्हतं. बरं म्हणण्यापलीकडे माणसाच्या हातात काही ठेवलेलं नव्हतं.

त्यानं ओके दाबलं. चौकट गेली. त्यानं गेम पुन्हा उघडला. चौकट परत आली, तितक्याच शांतपणे.

मागे बाबा उभे होते. युनिफॉर्मचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, केसांना पाणी लावून पाडलेला भांग.

“लागली का गाडी?”

“लागतेय, बाबा.”

“चारची फेरी आहे.”

“माहितीये.”

“प्रवासी उभे आहेत, मेस्त्री.”

बाबा मुलाला मेस्त्री म्हणत. आधी कौतुकानं म्हणत, आता खरोखरच.

बाबांनी चौतीस वर्षं बस चालवली, बहुतेक सात नंबरची. निवृत्त झाल्यावर त्यांचं डोकं हळूहळू एकेक थांबा गाळायला लागलं. आधी चष्मा कुठे ठेवला ते गेलं, मग शेजाऱ्यांची नावं गेली, मग आई गेल्याचं गेलं. दर आठवड्याला कुणीतरी त्यांना नव्यानं सांगायचं आणि दर आठवड्याला ते नव्यानं रडायचे. शेवटी थोरल्या ताईनं सांगणं बंद केलं, आणि आई कायमची बाजारात गेली. बाजार लांब होता, हे बाबांना पटत असे.

सात नंबरचा मार्ग मात्र डोक्यातून गेला नाही. चार वाजले की ते शर्ट घालून घराबाहेर पडत आणि कोपऱ्यावरच्या थांब्यावर जाऊन आपल्या गाडीची वाट बघत. पहिल्या वेळी शेजाऱ्यांनी आणून सोडलं. दुसऱ्या वेळी पोलिसांनी. तिसऱ्या वेळी ते चालत शेवटच्या थांब्यापर्यंत गेले; तिथे एक ड्रायव्हर चहाला उतरला होता, बाबा त्याच्या जागेवर बसले आणि बस घेऊन निघाले. तीन थांबे नेली. तिन्ही ठिकाणी बस फुटपाथला अगदी चिकटून उभी केली, जे त्या मार्गावर कित्येक वर्षांत घडलं नव्हतं. एकाही प्रवाशानं तक्रार केली नाही. एका आजीबाईंनी तर उतरताना आशीर्वाद दिला. पोलिसांचं मत वेगळं पडलं.

त्यानंतर बारातेरानं हा गेम आणला. बस चालवायचा गेम. कुठल्यातरी छोट्या कंपनीचा, कुठल्यातरी शहरातला. पण त्यात मार्ग निवडता यायचा आणि मार्गांत सात नंबर होता. टेबलाला स्टिअरिंग जोडलं, खाली दोन पेडल. बाबा बसले, आरसा बघितला, जो पडद्यावरच होता, आणि निघाले.

अकरा महिने. रोज चार ते सहा. अकरा महिन्यांत बाबा एकदाही घराबाहेर पडले नाहीत. ते चाळीसच्या वर कधी जात नसत आणि कुणी उभं नसलं तरी प्रत्येक थांब्यावर थांबत, त्यामुळे रोज शेवटी गेम त्यांना एक तारा देऊन ‘नवशिका चालक’ म्हणत असे. “परीक्षक कडक आहे,” बाबा म्हणत, “पण माणूस प्रामाणिक आहे.”

आणि अकरा महिन्यांनी, या बुधवारी रात्री, बारातेरानं कॉम्प्युटरचं सर्व्हिसिंग केलं.

मेकॅनिकला सुरळीत चाललेली वस्तू बघवत नाही. कॉम्प्युटर जरा हळू उघडतोय असं त्याला वाटलं. त्यानं आधी खोका उघडून धूळ काढली. इथवर ठीक होतं. मग तो आतल्या प्रोग्रामांची यादी बघायला बसला. यादीत एकाच नावाच्या सहा वस्तू होत्या, फरक फक्त सालाचा. दोन हजार पाच, आठ, दहा, बारा, तेरा, पंधरा. एका गाडीत सहा बॅटऱ्या कशाला? त्यानं सगळ्यात नवी ठेवली आणि जुन्या पाच काढून टाकल्या. कॉम्प्युटर दोन सेकंद लवकर उघडायला लागला. त्या दोन सेकंदांचं त्याला रात्रभर समाधान होतं.

गुरुवारी फोनवर त्यानं ताईला काही सांगितलं नाही, पण ताई शाळेत शिकवायची. पोरानं तोंड उघडायच्या आत कुठली खिडकी फुटली ते तिला कळायचं.

“बाबा खेळतायत ना?”

“गाडी जरा गॅरेजला आहे.”

“म्हणजे?”

“एक पार्ट कमी पडतोय. उद्या लावतो.”

“हे बघ. त्या वृद्धांच्या संस्थेचा फोन आला होता. एक जागा रिकामी झालीये.”

“कशी काय रिकामी झाली?”

“तिथल्या जागा कशा रिकाम्या होतात ते तू विचारू नकोस आणि मी सांगत नाही. सोमवारी सकाळपर्यंत कळवायचंय. दोन्ही मुलांच्या सह्या लागतात. माझी झालीये.”

“तू सही केलीस?”

“केली आणि पर्समध्ये ठेवली. बाबा घरात शांत बसत असतील तर तो कागद मी बाहेरही काढणार नाही. पण परत एकदा जरी रस्त्यावर गेले ना... मागच्या वेळी आजीबाई होत्या म्हणून निभावलं. प्रत्येक बसमध्ये आजीबाई नसतात.”

सोमवारपर्यंत गेम चालू झाला तर बाबा घरी, नाही तर संस्थेत. बारातेरानं आयुष्यात बरीच इंजिनं उघडली होती, पण एका चौकटीवर एवढं ओझं टाकलेलं त्यानं प्रथमच बघितलं.

त्या दिवशी बाबांना साडेपाचपर्यंत खुर्चीत बसवून ठेवायला त्यानं टायर पंक्चर आहे, मग डिझेल संपलंय, मग पुढे मोर्चा आहे, अशी तीन कारणं दिली. मोर्चाचं कारण बाबांना आवडलं नाही. “कुणाचा?” त्यांनी विचारलं. “मेकॅनिकांचा,” बारातेरा म्हणाला. “तरीच,” बाबा म्हणाले, “काम कुठंच दिसत नाही.”

शेवटी वाट त्यांनीच दाखवली.

“पार्ट नाही ना? मग दुसऱ्या गाडीचा काढून लाव. एवढं शिकवायला लागतं?”

शिकवायला लागत नव्हतं. वर्कशॉप त्याच न्यायावर चालत होतं. मागच्या भिंतीला एक बस उभी होती, तिचं नाव दानशूर. कुठल्याही गाडीचा पार्ट अडला की दानशूरचा काढायचा. काच, आरसा, सीट, गिअरबॉक्स, सगळं देऊन झालं होतं. आता तिच्यात एक घंटी उरली होती आणि तिच्यावरही दोन जणांचा डोळा होता.

कॉम्प्युटरांमधली दानशूर कोण? शुक्रवारी दुपारी बारातेरा पेन ड्राइव्ह घेऊन ताईच्या घरी गेला.

ताईच्या कॉम्प्युटरमध्ये फाइल शोधायला टाकली आणि ती सापडली. निकालपत्रकं तयार करायचा तिच्या शाळेचा जो प्रोग्राम होता, त्याच्या फोल्डरमध्ये निवांत बसली होती. इतर कुणीही माणूस तिथं कॉपी करून मोकळा झाला असता. बारातेरानं तोही पर्याय बघितला. पण तो वर्कशॉपचा माणूस होता, आणि पूर्वी एकदा डुप्लिकेट ब्रेक पाइप लावलेली बस उतारावरून थेट एका भिंतीत शिरलेली त्यानं बघितली होती. तेव्हापासून त्याचं व्रत होतं: मरेन, पण ओरिजिनलच लावेन. नक्कल केलेली फाइल बाबांच्या गाडीला? त्यानं कट केलं. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की? तो म्हणाला, नक्की. वर्कशॉपात एवढ्या परवानगीला तीन दिवस लागतात.

घरी येऊन फाइल गेमच्या फोल्डरमध्ये बसवली. तंतोतंत बसली. गेम उघडला.

चौकट आली. आता एमएसव्हीसीपी-शंभरबद्दल तिची तक्रार नव्हती. एमएसव्हीसीआर-शंभर सापडत नव्हती. एका अक्षराचा फरक. पहिलीची सख्खी बहीण असावी.

तेवढ्यात खऱ्या बहिणीचा फोन आला.

“माझ्या कॉम्प्युटरला काय केलंस?”

“काही नाही. एक पार्ट नेलाय.”

“नेलाय म्हणजे? ऐंशी पोरांचे मार्क आहेत त्यात! उघडतच नाहीये! म्हणतो एमएसव्ही... काहीतरी शंभर नाही.”

“तीच. तीच नेली.”

“अरे, मग कॉपी करायची ना!”

“मी डुप्लिकेट पार्ट लावत नाही, ताई.”

पुढची दोन मिनिटं ताई जे बोलली ते शाळेतल्या बाईंना शोभणारं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, की माझ्या कॉम्प्युटरच्या आसपास दिसलास तर तुझेच पार्ट सुटे करून भिंतीला लावेन. म्हणजे त्या फाइलीची बहीण बहिणीच्या घरातून मिळणार नव्हती.

शुक्रवारी बाबांची चारची फेरी रद्द झाली. ते पावणेसहापर्यंत दाराच्या कडीशी खेळत होते. बारातेरा दाराला पाठ लावून बसला होता.

“रस्त्यात का बसलास, मेस्त्री?”

“क्लच बघतोय.”

बाबांनी वाकून दाराकडे, मग त्याच्याकडे बघितलं. “क्लच इथे नसतो,” ते दयेनं म्हणाले.

शनिवारी सकाळी तो वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये गेला. गाड्यांच्या वेळा छापणारा एक कॉम्प्युटर तिथे होता. त्याच्यापुढे स्टोअरकीपर बसायचा. या माणसाच्या हातून तीस वर्षांत एकही वस्तू कागदाशिवाय सुटली नव्हती. त्यानं स्वतःच्या लग्नातही हार घेताना पोच लिहून दिली अशी अफवा होती.

“काय पाहिजे?”

“एक डीएलएल.”

“गाडी?”

“घरची आहे.”

“नंबर?”

“सात.”

स्टोअरकीपरनं मागणीपत्र ओढलं आणि लिहिलं: डीएलएल, नग एक. मग पेन थांबवलं. “जुना पार्ट जमा कर.”

“जुना नाहीये ना. म्हणून तर नवा पाहिजे.”

“जुना जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही. नियम आहे.”

“अहो, जुना हरवलाय. सापडत नाही, असं तो स्वतः म्हणतोय.”

“मग हरवल्याचा दाखला आण.”

“कोणाचा?”

“ज्याच्या हातून हरवला त्याचा.”

बारातेरानं कागद मागून घेतला. काउंटरला टेकून लिहिलं: वरील भाग बुधवारी माझ्या हातून, कारण नसताना, काढला गेला. खाली सही केली. आपली चूक एवढ्या स्वच्छ अक्षरात त्यानं आधी कधी बघितली नव्हती. स्टोअरकीपरनं दाखला वाचला, शिक्का मारला, खुर्ची मागे घेतली. “काढून ने. सोमवारी परत.”

बारातेरानं फाइल शोधली, ‘बत्तीस’ असं लिहिलेल्या एका फोल्डरमध्ये मिळाली. कट. तासाभरात वेळा छापणारा प्रोग्राम बंद पडला, ड्रायव्हरांनी मनगटावरच्या घड्याळात बघून गाड्या काढल्या, आणि त्या दिवशी सगळ्या बस वेळेवर सुटल्या. याची चौकशी पुढे बरेच दिवस चालली.

घरी फाइल बसवली. गेम उघडला. चौकट आली.

या वेळी ती कुठल्याच फाइलचं नाव घेत नव्हती. तिनं फक्त एक आकडा दिला होता, शून्य, एक फुली, मग सी, मग ओळीनं शून्यं, शेवटी सात बी. खाली ओके. आत्तापर्यंत निदान काय हरवलंय ते तरी कळत होतं.

बारातेरानं तो आकडा इंटरनेटवर टाकला. जगात त्याच्यासारखे खूप होते, हे बघून त्याला बरं वाटलं. त्यांच्यापैकी कुणालाच उत्तर मिळालं नव्हतं, हे बघून ते कमी झालं. एकानं नऊ वर्षांपूर्वी नेमकी हीच तक्रार लिहिली होती, हाच गेम, हाच आकडा. खाली सतरा जणांनी ‘मलाही’ म्हटलं होतं. आणि सगळ्यात शेवटी त्याच माणसानं लिहिलं होतं: ‘जमलं. धन्यवाद.’

कसं जमलं ते लिहिलं नव्हतं. बारातेरा त्या दोन शब्दांकडे बराच वेळ बघत राहिला. माणसं एवढी सुखी होतात की मागे वळून दार लोटून घेतात.

आणखी एकाचा सल्ला होता, गेम पूर्ण काढा आणि परत टाका. त्यानं काढला. परत टाकला. आकडा तसाच. शनिवारी बाबांना त्यानं सांगितलं की आज बसला सुट्टी आहे. “बसला सुट्टी नसते,” बाबा म्हणाले, “माणसाला असते.” आणि चारपासून सहापर्यंत ते खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. गजापलीकडून सात नंबर दर वीस मिनिटांनी जात होती. प्रत्येक वेळी ते दचकून घड्याळाकडे बघत. दुसरंच कुणीतरी त्यांची गाडी चालवत होतं.

रविवारी दुपारी ताई येऊन बसली, सोबत ऐंशी पोरांची निकालपत्रकं हातानं लिहायला घेऊन. पर्सही होती. बारातेरानं कॉम्प्युटरचा खोका काखोटीला मारला आणि बाजारपेठेतल्या कॉम्प्युटरवालीकडे गेला.

कॉम्प्युटरवाली बाई पन्नाशीची होती, चष्मा दोरीनं गळ्यात, टेबलावर उघडी मशीनं चार. तिनं त्याची सगळी हकिकत मधे न बोलता ऐकली, ब्रेक पाइपसकट.

“म्हणजे तुम्ही बहिणीचा काढलात, ऑफिसचा काढलात...”

“दानशूर पद्धत.”

“भाऊ, फाइल ही वाटून घ्यायची वस्तू असते. एक असते, दहा जण वापरतात. तुम्ही काढलेलं ते जुनं नव्हतं. त्या सहा वस्तू सहा वेगवेगळ्या गाड्यांचे पार्ट होते, आणि तुमची गाडी दोन हजार दहाची.”

“आणि तो आकडा?”

“तो म्हणजे बत्तीसच्या गाडीला चौसष्टचा पार्ट लावलात. ऑफिसमधून कुठून काढला?”

“बत्तीस लिहिलेल्या फोल्डरमधून.”

“त्यात चौसष्टचे असतात.”

“बत्तीस लिहिलंय तिथे?”

“हो.”

“असं का?”

“असंच.”

कॉम्प्युटरांच्या दुनियेत बारातेराला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. वर्कशॉपच्या स्टोअरमध्येही नटांच्या डब्यात बोल्ट असत.

बाईनं त्याच्या दोन्ही फाइली काढून त्याच्या पेन ड्राइव्हवर परत दिल्या, जशा डॉक्टर दात काढल्यावर देतात. मग दोन हजार दहाचा अख्खा संच मूळ ठिकाणाहून उतरवला, बत्तीसचा, आणि बसवला. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली. सगळ्याला सात मिनिटं लागली. चार दिवस, एक बहीण आणि एक डेपो त्यानं ज्यापायी कामाला लावला होता, ते काम सात मिनिटांचं होतं.

“आता बघा,” बाई म्हणाली.

गेम उघडला. चौकट आली नाही. काळा पडदा, मग संगीत, मग ती बस. निळी, उजळलेली, थांब्याला लागून उभी. बारातेरानं फोन काढला. चारला दहा मिनिटं होती.

“ताई! सांग बाबांना! लागली गाडी!”

“खरंच? अरे, खरंच?” आणि मग फोनमधून लांब, मोठ्यानं, आनंदानं: “बाबा! गाडी लागली हो!”

त्यानं फोन ठेवला. संगीत संपलं. बसच्या पुढे एक चौकट सावकाश येऊन उभी राहिली. परवाना तपासत आहे. ती बराच वेळ तपासत होती. मग: कंपनीशी संपर्क होऊ शकला नाही. ओके.

बाईनं शोधलं. कंपनी सहा महिन्यांपूर्वी बंद झाली होती. “जुना गेम मशीनवर होता तेव्हा परवाना आतच साठवलेला असणार,” ती म्हणाली. “तो विचारायला बाहेर जात नव्हता. तुम्ही काढून परत टाकलात, तेव्हा...” तिनं चष्मा काढून दोरीला सोडला. “फाइल आता एकही कमी नाहीये बघा,” ती म्हणाली. तिला बरंच काहीतरी चांगलं सांगायचं होतं आणि तिच्याकडे तेवढंच होतं.

इकडे घरी बाबांनी शर्ट घातला, भांग पाडला, आतल्या खोलीत गेले. टेबलावर स्टिअरिंग होतं आणि खोक्याच्या जागी धुळीचा चौकोन. गाडी लागली आहे असं स्वतःच्या मुलीनं सांगितलंय. गाडी इथे नाहीये. म्हणजे ती थांब्यावर असणार. या विचारात चूक काढायला कुणाला जमलं नसतं. ताई तेव्हा हसत हसत गणिताचे मार्क लिहीत होती. चार दिवसांत पहिल्यांदा तिला दाराकडे बघावंसं वाटलं नव्हतं.

चारची सात नंबर कोपऱ्यावर आली तेव्हा बाबा रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे होते. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. ब्रेक लागला, पण बस थांबली ती बाबांना कोपरानं ढकलल्यासारखं पाडून. ते बसले, मग उठले. शर्टाची बाही फाटली होती आणि हातावरून रक्त येत होतं. ते चालत ड्रायव्हरच्या खिडकीखाली गेले आणि म्हणाले, “उतर बाळा. माझी वेळ झाली.”

बारातेरा खोका घेऊन पोचला तेव्हा ताईनं जखम बांधली होती आणि बाबा झोपले होते. निकालपत्रकं बाजूला सारून टेबलावर तो कागद होता.

“मी वाईट नाहीये,” ताई म्हणाली.

“मी कुठे म्हणालो?”

“तुझ्या तोंडावर लिहिलंय.”

“ते ग्रीस आहे.”

ती हसली नाही. “मीच सांगितलं रे त्यांना. गाडी लागली म्हणून. माझ्या तोंडानं सांगितलं.”

“मी सांगितलं म्हणून सांगितलंस.”

दोघांनाही दोष हवा होता आणि तो दोघांना पुरून उरत होता. त्यानं सही केली.

सोमवारी काही झालं नाही, असं आपलं ठरलंय. फक्त एवढंच, की संस्थेच्या गाडीत बसण्याआधी बाबांनी तिला एक फेरी घातली, मागच्या डाव्या चाकाला लाथ मारली आणि हवा कमी आहे म्हणून ड्रायव्हरला झापलं. ड्रायव्हर “हो काका, भरतो काका” म्हणाला. मग बाबांनी पुढचं दार उघडलं. ड्रायव्हरनं ते हळूच लावलं आणि मागचं उघडलं. बाबा त्या उघड्या दारापुढे थोडा वेळ उभे राहिले. मुलाला म्हणाले, “चारची कोण नेणार?” बारातेरा म्हणाला, “बघतो, बाबा.” ताई म्हणाली, “आई बाजारातून आली की आम्ही येतोच भेटायला.”

दुपारी तो कामावर गेला नाही. चार वाजता त्यानं गेम उघडला. बस आली, संगीत संपलं, चौकट आली. तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक दुवा होता: मदत हवी असल्यास लिहा. दाबल्यावर एक रिकामा रकाना उघडला. आम्ही कामाच्या दोन दिवसांत उत्तर देतो, असं वर लिहिलं होतं. बारातेरानं हात पुसले आणि दोन बोटांनी टाइप करायला घेतलं.

“प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब.

विषय: मार्ग क्रमांक सातवरील चालकाच्या गैरहजेरीबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर चालक आपल्याकडे अकरा महिने, रोज दुपारी चार ते सहा, विनाअपघात व एकही थांबा न गाळता हजर होते. गेल्या गुरुवारपासून ते हजर नाहीत. वाहनातील आवश्यक भाग मेकॅनिकने, म्हणजे अर्जदाराने, काढल्यामुळे वाहन बंद पडले. यात चालकाचा कोणताही दोष नाही. सर्व भाग आता पुन्हा बसविले आहेत व वाहन सुस्थितीत आहे.

सदर चालकास सध्या बाहेरगावी ठेवले असून ते कधी परत येतील हे सांगता येत नाही. तरी त्यांची अनुपस्थिती रजा म्हणून मंजूर करावी, नवशिका हा शेरा त्यांच्या नावापुढून काढून टाकावा, आणि ते येईपर्यंत सात नंबरची गाडी थांब्यावरून सोडू नये, ही नम्र विनंती.”